पेट स्कॅन आणि एमआरआयसाठी एकच नॅनोपार्टिकल, पण पीबीएसमध्ये टाकलं की तळाशी बसतंय

मीरा_केम:
नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. आयर्न ऑक्साइडचे कण बनवतेय, फेरिक-फेरस 2:1 घेऊन अमोनिया टाकला की काळाकुट्ट गाळ येतो, बाटलीला चुंबक लावलं की सगळं एका बाजूला धावतं, इथपर्यंत मस्त. वर सायट्रेटचं कोटिंग आहे. पाण्यात महिनाभर काही होत नाही पण पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) टाकलं की तासाभरात तळाला चॉकलेटी थर. पुढे यावर किरणोत्सारी गॅलियम-68 लावून उंदरात एकाच इंजेक्शनमध्ये पेट (किरणोत्सारी पदार्थ शरीरात कुठे गेला ते दाखवणारा स्कॅन) आणि एमआरआय करायचंय. गाइड म्हणतात आधी लेबलिंग (कणाला गॅलियम जोडणं) उरक, कोटिंगचं नंतर बघू, मला काही ते पटत नाहीये. आणि दोन वेगळी औषधं दिली तर काय बिघडतं असं कमिटीने विचारलं तर?

कोलॉइडवाला:
तुझंच बरोबर आहे, आधी कोटिंग. सायट्रेटचे कण ऋण चार्जमुळे एकमेकांपासून लांब राहतात, मिठाच्या पाण्यात तो चार्ज झाकला जातो की लागले चिकटायला, त्यात पीबीएसमधला फॉस्फेट लोखंडाला घट्ट धरतो आणि सायट्रेटला हुसकावून लावतो. पीईजी किंवा डेक्स्ट्रान अशा पॉलिमरचं कोटिंग लावून बघ. अमेरिकेत 2009 साली अ‍ॅनिमियासाठी मंजूर झालेल्या फेरुमॉक्सिटॉलवर डेक्स्ट्रानच्याच जातीचं आवरण आहे, एमआरआयलाही वापरतात ते. आणि डीएलएस (कणांचा आकार मोजायची चाचणी) नुसत्या पाण्यात करून थांबू नकोस, सिरममध्ये 37 डिग्रीला कर. गुठळ्या झालेला माल शिरेत गेला तर फुप्फुसात अडकतो, उरलेला लिव्हर आणि स्प्लीन ओढून घेतात.

न्यूक्लिअर_मेडिसिन:
एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, पेटला तुझा कण दिसतच नाही, फक्त गॅलियम दिसतो. तो सुटला तर रक्तातल्या ट्रान्सफेरिनला (लोखंड वाहून नेणारं प्रोटीन) जाऊन चिकटतो कारण वागतो लोखंडासारखाच, मग तू ट्रान्सफेरिनचा फोटो काढून कणाचा म्हणून छापशील. सिरममध्ये ठेवून किती सुटतो ते मोज आणि एका उंदराला नुसता गॅलियम देऊन कंट्रोल ठेवच.
कमिटीला सांग, आयर्नमुळे एमआरआयवर काळा डाग येतो पण रक्तस्राव, हवा, कॅल्शियम हेही काळेच दिसतात, त्याच जागी पेटचा सिग्नल असला तर डाग कणाचा म्हणता येतं. दोन वेगळी औषधं शरीरात दोन वेगळ्या वाटांनी जातात, मग ही खात्री कुठून आणणार. डोस मात्र एमआरआयच्या हिशोबाने ठरव, पेटला लाखो पटीने कमी माल पुरतो म्हणून थोडेच कण लेबल केले तरी भागतं.
आणि गॅलियमचं अर्धआयुष्य 68 मिनिटं, शिरेतून देऊन ट्यूमरमध्ये 24 तासांनी बघायचं असेल तर विसर. त्याला कॉपर-64 लागेल, 12.7 तासांचं.

मीरा_केम:
खूप आभार दोघांचे. मग लिम्फ नोडवर (लसीका गाठीवर) करू का? पायाच्या पंजात दिलं तर गुडघ्यामागच्या नोडपर्यंत लवकर पोचतं ना?

न्यूक्लिअर_मेडिसिन:
हो, गॅलियमला ते काम झेपेल. पण इंजेक्शनच्या जागी सिग्नल प्रचंड येतो आणि नोड त्याच्या अगदी जवळ, तेव्हा पंजा शिशाने झाकायच्या नादाला न लागता स्कॅननंतर नोड काढून गॅमा काउंटरमध्ये (किरणोत्सार मोजायचं यंत्र) मोज.