मदत हवी आहे: डेस्कटॉपवर बीटीआरएफएस की झेडएफएस, आणि चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे, सगळा डेटा ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइल्स मांडून ठेवणारी व्यवस्था). आता घरचे फोटो आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या अशा फाइल सिस्टिमवर ठेवायच्या आहेत, जिला एखादी फाइल गुपचूप खराब झाल्याचं कळेल. ईएक्सटी४ फाइलमधल्या डेटाचे चेकसम (डेटा बदलला का हे ओळखायची छोटी संख्या) ठेवत नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या दोन्ही फाइल सिस्टिम ठेवतात.

बीटीआरएफएस २००९ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि फेडोराच्या डेस्कटॉपवर २०२० पासून तीच डिफॉल्ट. मला मात्र झेडएफएस जास्त भरवशाची वाटते. अडचण एवढीच की परवान्यामुळे ती कर्नलबाहेर राहते. कर्नल अपडेटनंतर झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बिल्ड झालं नाही तर? रोज वापरणाऱ्यांनी हे खरंच कितपत छळतं ते सांगा.

चाचणीसाठी दोन रिकाम्या हार्ड डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करणार आणि त्यावर फक्त डेटाची प्रत टाकणार. मग अनमाउंट करून एकाच डिस्कच्या मधल्या भागात डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने कचरा लिहायचा, पुन्हा माउंट करून स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून पाहणं) चालवायचा आणि फाइलींचे आधी काढून ठेवलेले हॅश (ओळखीचे ठसे) जुळतात का ते पाहायचं. यात काही सुटतंय का?

आमच्याकडे वीज वरचेवर जाते, त्यामुळे खरी काळजी त्याची आहे. लिहिणं चालू असताना व्हर्च्युअल मशीन अचानक बंद केलं तर डिस्कच्या स्वतःच्या राइट कॅशची (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीची) परीक्षा होत नाही, म्हणून थेट प्लगच काढावा का?

रॅम ८ जीबी आहे, ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) नाही. झेडएफएसच्या कॅशला किती मर्यादा घालू?