लेटरहेड कोणी दिलं?

नाना (ए-२०४): सकाळी दूध घ्यायला उतरलो तर गेटवर एक कागद चिकटवलेला. आपल्या सोसायटीचं लेटरहेड, शिक्का, खाली वीस-बावीस सह्या. जळगाव महापालिकेला पत्र म्हणे. कमिटीत ठराव झाला का? सोसायटीचं नाव राजकारणात आणायचं नाही हे २०१८ लाच ठरलं होतं. संबंधितांनी खुलासा करावा.

आप्पा (बी-४०१): नमस्कार नाना 🙏 मला गेटवर 'येथे गाडी लावू नये' एवढाच कागद दिसला. आणि त्याच्यापुढे गाडी.

खजिनदार: त्या गाडीबद्दल मी मागेच लिहिलं होतं. नाव घेत नाही.

पूनम वहिनी (ए-१०२): घ्या ना नाव. पाहुणे जेवायला आले होते, जेवण झाल्यावर लगेच काढली.

खजिनदार: वहिनी, मी तुमचं नाव घेतलंच नाही.

पूनम वहिनी (ए-१०२): समजतं हो सगळ्यांना.

नाना (ए-२०४): मूळ मुद्दा लेटरहेडचा आहे.

रेवती (बी-१०३): नाना, नमस्कार. पत्र आम्ही मुलांनी दिलंय. मी, कुणाल आणि सी विंगची मंडळी. त्यात कुठल्या पक्षाचं नाव नाही. निवडणूक झाली, आता प्रभाग समित्या बसतील. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये आहे की नगरसेवकांशिवाय त्या भागात काम करणाऱ्या संस्थांची माणसं, तीनपर्यंत, समितीवर घेता येतात. ती कशी निवडणार आणि त्यात तरुणांचा विचार करणार का, हे विचारलंय. दुसरं, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाची कोणती कामं धरलीत ती यादी मंजुरीच्या आधी बघायला मिळेल का. एवढंच.

नाना (ए-२०४): एवढंच म्हणे. नगरसेवक व्हायला २१ पूर्ण लागतात, आमदारकीला २५. कायद्याने काही विचार करूनच वय ठेवलं असेल ना?

रेवती (बी-१०३): मी २२ ची आहे नाना. निवडून यायला चालते, मग प्रश्न विचारायला का नाही चालत?

आप्पा (बी-४०१): 👏👏 वकीलबाई

नाना (ए-२०४): आप्पा, टाळ्या वाजवायला हा तमाशा नाही.

आप्पा (बी-४०१): हा संदेश हटवला गेला

मीना मावशी (सी-२०२): आते कसाले भांडी राहिनात रे सकायपासून? भाजी करपनी मन्ही फोन पाहता पाहता.

खजिनदार: ग्रुपवर सर्व आहेतच तर आठवण करतो, फेब्रुवारीचं मेन्टेनन्स आठ जणांचं बाकी आहे.

कुणाल (सी-३०१): नाना, राजकारण म्हणता म्हणून जरा लांबलचक लिहितो, राग मानू नका. जानेवारीत माझा फोन थंड होत नव्हता. 'कुणालभाऊ, रॅलीला वीस गाड्या पाहिजे.' 'कुणालभाऊ, स्लिपा वाटायला पोरं पाठव.' सगळ्याच पक्षांचे फोन. पेट्रोल देत, टी-शर्ट देत, सकाळी पोहे अन् रात्री पुलाव. १६ तारखेला निकाल लागला, गुलाल झाला, डीजे झाला. त्यानंतर एकाचाही फोन नाही. झेंडा धरायला आमचं वय चालतं. कोणत्या गल्लीत गटार आधी करायची हे ठरताना मात्र आम्ही पोरंसोरं. २०१८ ला मागची महापालिका निवडणूक झाली तेव्हा मी सोळाचा होतो. सप्टेंबर २०२३ ला सभागृहाची मुदत संपली, पुढे दोन वर्षांच्या वर प्रशासक. माझ्या आयुष्यातलं महापालिकेचं पहिलं मत यंदा १५ जानेवारीला पडलं. शहरात ७५ नगरसेवक आहेत. मला शहात्तरावा व्हायचं नाहीये. कामं ठरतात त्या टेबलाशी बसायचंय. बोलायची पाळी येईल तेव्हा बोलू.

पूनम वहिनी (ए-१०२): खरं बोलला कुणाल. आमच्याकडचा पण महिनाभर घरी जेवला नाही.

नाना (ए-२०४): मूळ मुद्दा लेटरहेडचा आहे. ते कुणी दिलं?

सौरभ (पुणे): नाना, पुण्यात २००६ पासून महापालिका बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. फॉर्म भरून द्यायचा, छोटी कामं असतात, फूटपाथ, दिवे, बाक वगैरे. सगळी होतात असं नाही, पण विचारतात. आपल्याकडे मुलं स्वतःहून विचारतायत तर चांगलंच आहे की.

नाना (ए-२०४): तू तिकडेच सुचव. इथला जिना चढायला तू नसतोस.

सौरभ (पुणे): 🙏 ठीक आहे.

रेवती (बी-१०३): नाना, दादाला बोलू नका. आमच्या दहावीच्या वर्गातले अर्ध्याहून जास्त आज हिंजवडी, चाकण नाहीतर सुरतला आहेत. जो तो म्हणतो जळगावात काय ठेवलंय. जे राहिले त्यांनाही कुणी काही विचारायचं नाही असं ठरवलं तर तेही जातीलच.

आप्पा (बी-४०१): हा पॉइंट बरोबर आहे. माझ्या दुकानात पोरगा टिकत नाही.

खजिनदार: पगार किती देता त्यावर असतं आप्पा.

आप्पा (बी-४०१): तुम्ही मेन्टेनन्सचं बघा.

नाना (ए-२०४): आता मीही जरा लिहितो. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. गणपतीत पुढे पुढे करायचा, कुणीतरी बॅनरवर फोटो छापला. मग रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीमागे गाडी. बीएस्सीचं शेवटचं वर्ष सुटलं ते सुटलंच. वाढदिवसाचे बॅनर लावायला पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं त्याने, दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे! हप्ते भावाने फेडले, शेताचा तुकडा देऊन. तुम्ही सगळे माझ्या डोळ्यांसमोर मोठे झालात. तुमचा दुश्मन नाही मी. पण हे पत्र म्हणजे पहिली पायरी असते, मी बघितलेली आहे.

मीना मावशी (सी-२०२): नाना, ते दुःख आम्हाले माहीत शे. पण त्या पोराले कुणी कागद वाचाले बसवलं नव्हतं हो. घोषणा द्याले बसवलं होतं. ही पोरं उलट करी राहिनी. अन् १९८९ च्या लोकसभेले मी एकोणीसची होते. मताचं वय २१ चं १८ केलं होतं, म्हणून मले मत देता आलं. सासरे म्हणायचे, काल परकर घालत होती, आज सरकार निवडते. निवडलं ना? काही बिघडलं?

पूनम वहिनी (ए-१०२): मावशी 😄❤️

नाना (ए-२०४): मावशी, तुमचा मान राखून, मूळ मुद्दा लेटरहेडचाच आहे.

सचिव: सर्वांना नमस्कार. ड्युटीवर होतो, आता बघितलं. लेटरहेड मी दिलं, शिक्काही मी मारला. मुलं दोन दिवस माझ्याकडे बसली होती, पत्र वाचून, दोन वाक्यं कमी करायला लावून मग सही केली. संस्था नोंदणीकृत आहे, तिने आपल्या भागाबद्दल माहिती मागण्यात गैर नाही असं माझं मत.

नाना (ए-२०४): अध्यक्षांना विचारलं?

सचिव: अध्यक्ष तीन महिन्यांपासून मुलीकडे नाशिकला आहेत, आपणास माहीत आहे.

नाना (ए-२०४): फोन असतो ना सचिवसाहेब. गेटच्या रंगाच्या वेळेसही असंच झालं होतं.

सचिव: गेटचा विषय परत नको.

आप्पा (बी-४०१): तो पोपटी रंग कोणी निवडला हे आजवर कळलेलं नाही.

कुणाल (सी-३०१): पत्राबरोबर आम्ही एक नकाशा पण दिलाय. चार्टपेपरवर हाताने काढलेला. मेहरूणच्या रस्त्यापासून आपल्या मागच्या नाल्यापर्यंत प्रत्येक विजेच्या खांबाचा नंबर टाकलाय, दिवा लागतो की नाही ते रात्री जाऊन बघितलं. नाल्यात कुठे फरशीचा मलबा पडलाय ते पण दाखवलंय, आणि तो आपल्यातल्याच लोकांच्या घरकामाचा आहे, तेही लिहिलंय. कोपऱ्यावरच्या चेंबरला झाकण नाही. कोणीतरी त्यात लाल प्लॅस्टिकची खुर्ची उलटी खोचून तिच्या पायाला फडकं बांधलंय. संध्याकाळी ट्यूशनची पोरं सायकलवर तिथूनच वळतात.

आप्पा (बी-४०१): लाल खुर्ची? एक पाय चिकटवलेला आहे का?

कुणाल (सी-३०१): हो.

आप्पा (बी-४०१): माझ्या गच्चीवरची आहे ती!! दिवाळीपासून शोधतोय.

मीना मावशी (सी-२०२): राहू द्या आप्पा आते. कोणाचं पोर वाचीन.

आप्पा (बी-४०१): राहू दे. झाकण बसलं की द्या.

नाना (ए-२०४): हा नकाशा ग्रुपवर का नाही टाकला?

रेवती (बी-१०३): टाकते. खाली वाकडं वाटलं तर चालवून घ्या, जमिनीवर बसून काढलाय.

रेवती (बी-१०३): 📷 फोटो

नाना (ए-२०४): हनुमान मंदिरामागचा खांब राहिला आहे. तिथे दोन आहेत, एक जुना लोखंडी. नंबर पुसलेला.

कुणाल (सी-३०१): आज रात्री बघून येतो.

खजिनदार: माझा साधा प्रश्न. हे तीन जण समितीवर घेतात ते कोण ठरवणार? नगरसेवकच ना? मग ते आपल्या ओळखीचेच घेतील. तुमचं पत्र टोपलीत.

रेवती (बी-१०३): काका, ठरवतात तेच, बरोबर आहे. संस्था समाजकामाची पाहिजे आणि माणूस त्याच भागातला मतदार पाहिजे, एवढी अट आहे. म्हणूनच आत्ता मागायचं, नावं ठरायच्या आधी. आणि समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी घ्यायची असते. निवडलं नाही तरी दर महिन्याला जाऊन 'झाली का, काय ठरलं' हे विचारता येतं. तारीख टाकून पोच घेऊन ठेवलीये. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मागू.

खजिनदार: ठीक. विचारायला काय जातं.

सचिव: रविवारी संध्याकाळी ६ ला पार्किंगमध्ये बसू. विषय: १) लेटरहेड वापराचा नियम २) मुलांचं पत्र ३) नाल्यात मलबा.

पूनम वहिनी (ए-१०२): आणि पाहुण्यांच्या गाड्या. होऊनच जाऊ दे.

आप्पा (बी-४०१): बामणोदची वांगी शेवटची येतायत. भरीत मी करतो, कळण्याच्या भाकरी मावशींनी.

मीना मावशी (सी-२०२): मले कोणी इचारलं?

नाना (ए-२०४): मी येईन. सहमत आहे असं कोणी समजू नये. यादी मिळाली तर मला दाखवा, लेखाशीर्ष, म्हणजे कोणता खर्च कोणत्या नावाखाली धरलाय ते, तुम्हाला वाचता येणार नाही. नोकरीभर मी तेच केलं. 'रस्ते देखभाल' आणि 'रस्ते नवीन' यातला फरक लोकांना कळत नाही आणि तिथेच सगळं असतं.

रेवती (बी-१०३): नाना, रविवारी अर्धा तास त्यावरच बोला ना. आम्ही वही घेऊन येतो.

नाना (ए-२०४): बघू.

कुणाल (सी-३०१): सोमवारी सतरा मजलीला, म्हणजे महापालिकेत, कोण कोण येतंय? मी, रेवती, सी विंगचे दोघे. एखादं मोठं माणूस असेल तर बरं.

मीना मावशी (सी-२०२): मी बी येस. साडेदहाले गेटवर राहा.