मदत हवी आहे: स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात अस्सल पाएया (पसरट कढईत शिजवलेला तिथला भात) कुठे खावा?

मंडळी, मार्चमध्ये फायासच्या उत्सवात आम्ही चौघं व्हॅलेन्सियाला असू. चौकात फोटोवाले बोर्ड लावून खपवतात तो पिवळाधमक पाएया नकोय. संत्र्याच्या लाकडावर शिजवलेला, कोंबडी-ससा आणि मोठ्या पावट्यासारखे गार्रोफोचे दाणे घातलेला, तळाला सोकार्रात म्हणजे खरपूस खरवड धरलेला हवा. त्यासाठी आल्बुफेरा तळ्याकडे एल पाल्मार गावात जावं की मालवारोसाच्या किनाऱ्यावरच चांगला मिळेल? मासळीच्या रश्शात शिजवलेला भात, आरोस आ बांदाही खायचाय. सासूबाई ससा खाणार नाहीत (आत्ताच जाहीर केलंय!), त्यांना भाज्यांचा भात नीट करून देणारी जागा असेल तर उत्तम. पाएया दुपारीच खायचा, हे ठाऊक आहे. उत्सवाच्या गर्दीत बुकिंग किती आधी करावं? आणि एल पाल्मारहून परतीच्या बसचं कसं?