उभ्या गाडीची बॅटरी तीन दिवसांत उतरते. वीज नेमकी कुठे जाते ते कसे शोधावे?

प्रश्न

माझी गाडी रोज चालवली तर एका सेल्फमध्ये सुरू होते, पण सलग तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताच नुसता टक-टक आवाज येतो. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असून तिला जेमतेम चार महिने झाले आहेत. गाडी बंद करून तासाभराने मोजले तर १२.६ व्होल्ट आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ११.९ व्होल्ट भरतात. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित असावे. गॅरेजमध्ये पुन्हा नवी बॅटरी टाकण्याचा सल्ला मिळाला, तो मला पटलेला नाही. काल बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मध्ये मल्टिमीटर लावला, तेव्हा आधी २.१ अँपिअर आणि थोड्या वेळाने ०.९ असे आकडे दिसले. यातला खरा कोणता मानावा आणि पुढे कुठून सुरुवात करावी?

उत्तर १

दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुमच्या कामाचा एकही नाही. तार सोडवून पुन्हा जोडली की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट (दिवे, कुलपे, इंजिन वगैरे सांभाळणारे छोटे संगणक) जागे होतात आणि ते पुन्हा झोपायला गाडीगणिक वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. बोनेट आणि चालकाच्या बाजूचे दार उघडेच ठेवा, मात्र दोन्हींची कुलपे स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवा, म्हणजे गाडीला ती बंद असल्याचेच वाटेल. रिमोटची चावी गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरे तारेच्या क्लॅम्पला आधी टेकवा आणि मगच क्लॅम्प हळूच वर उचला, म्हणजे जोडणी क्षणभरही तुटत नाही. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल.

तासाभराने उरेल तो आकडा खरा. साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत चिंता नको, कारण घड्याळ, कुलूपयंत्रणा आणि रेडिओची स्मृती यांना तेवढे लागतेच.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे केले. पन्नास मिनिटांनी आकडा ०.३८ वर येऊन थांबला आणि मग हललाच नाही.

उत्तर १

मग हिशेब जुळतो. ०.३८ अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ९ अँपिअर-अवर, तीन दिवसांत २७, आणि बॅटरी मुळात ३५ची. बॅटरीचा दोष नाही, तिला कोणीतरी रिकामी करत आहे. ५ वॅटचा दिवा जवळपास एवढीच वीज घेतो, म्हणून माझा पहिला संशय डिकीतल्या किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या दिव्यावर आहे. मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवा आणि झाकण लावा. दिवा विझतो की नाही ते नंतर पाहता येईल.

उत्तर २

दिवे तपासाच, पण त्यानंतर फ्यूज एकेक करून उपटत बसू नका. फ्यूज परत बसवताना त्या शाखेवरचे युनिट जागे होते आणि पुन्हा तासभर वाट पाहावी लागते. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर धातूचे जे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांवर टोके टेकवा. वीज वाहत नसेल तर शून्य दिसते. १० अँपिअरच्या लहान फ्यूजमधून ०.४ अँपिअर जात असेल तर ३ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. गाडीत नंतर बसवून घेतलेला स्टिरिओ, कॅमेरा किंवा ट्रॅकर असेल तर त्याची जोडणी आधी पाहा. इग्निशनबरोबर बंद व्हायची तार कायम चालू असलेल्या तारेला जोडून मोकळे होणारे कारागीर मी बरेच पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता

डिकी आणि कप्पा, दोन्हीकडच्या चित्रीकरणात झाकण लावताच गडद अंधार झाला. बाहेरून बसवलेले काहीही नाही. आतल्या आणि बोनेटखालच्या अशा दोन्ही पेट्यांतले फ्यूज मोजले, पण एकावरही अर्ध्या मिलिव्होल्टच्या वर काही आले नाही. आता मात्र माझी मती गुंग झाली आहे.

उत्तर ३

गुंग होण्याचे कारण नाही, कारण यानेच शोधाचे क्षेत्र लहान झाले आहे. या लहान फ्यूजच्या पलीकडे बॅटरीतून निघणाऱ्या जाड तारा दोनच: एक स्टार्टरकडे आणि दुसरी अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे, ज्याला बरेच जण अजूनही डायनॅमो म्हणतात. त्याच्या आतला रेक्टिफायर वीज उलट वाहू देत नाही, पण त्यातले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गळू लागले किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवाक्यात ठेवणारा भाग) बिघडला की उभ्या गाडीतही बॅटरी तिकडून रिकामी होते. १४.२ व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटर निर्दोष ठरत नाही; चार्जिंग ठीक आणि गळती चालू, असे होऊ शकते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार पूर्ण सोडवा, नाही तर पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतील. मग अल्टरनेटरच्या मागची जाड तार काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, मीटर पुन्हा मध्ये लावा आणि गाडी झोपू द्या. इंजिन सुरू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजण्याचीही एक पद्धत आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर आले तर डायोडवर संशय घ्यावा, मात्र कमी आले म्हणून तो सोडू नये.

प्रश्नकर्ता

जाड तार काढल्यावर आकडा ०.०३ वर आला! ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर उघडून रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकदमच बदलले, त्यामुळे दोघांपैकी नेमका चोर कोण हे कळायचे राहून गेले. गाडी पाच दिवस उभी ठेवून आज सकाळी मोजले तर १२.५ व्होल्ट आहेत आणि पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले.

उत्तर २

एक काम बाकी आहे. बॅटरी इतक्या वेळा ११.९पर्यंत उतरली आहे की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसलेले असणार. बाहेरच्या चार्जरने कमी अँपिअरवर रात्रभर चार्ज करा आणि मग एकदा लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी किती तग धरते ते पाहणारी चाचणी, करून घ्या.