मदत हवी आहे: हाताने उभे केलेले सर्व्हर टेराफॉर्ममध्ये (सर्व्हरची रचना कोडमध्ये लिहून ठेवायचं साधन) कसे आणायचे?

आम्ही चौघे मिळून सगळं सांभाळतो. सर्व्हर कन्सोलवर क्लिक करत उभे केलेले, डिप्लॉयमेंटही (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) हातानेच. गेल्या रिलीजला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हरवर वेगळं द्यावं लागणारं सेटिंग) टाकायचं राहिलं आणि साइट दोन तास बंद. टेस्टिंगला तोच कोड व्यवस्थित चालला होता! तेव्हाच ठरवलं, आता ऑटोमेशन करायचंच.

टेराफॉर्मच्या 1.5 आवृत्तीपासून (2023) इम्पोर्ट ब्लॉक आहे, म्हणजे चालू सर्व्हर न पाडता कोडखाली आणता येतात. पण प्लॅन (काय काय बदलेल याची आगाऊ यादी) चालवला की डेटाबेससमोर 'रिप्लेस', म्हणजे पाडून नवा उभारणार, असं दिसतं आणि पुढे जायचा धीर होत नाही. आधी फक्त ॲप सर्व्हर आणावेत का? स्टेट फाइल (टेराफॉर्म काय काय सांभाळतं याची त्याची नोंद) तुम्ही कुठे ठेवता? आणि रोलबॅक (आधीच्या स्थितीवर परत जाणं) झटपट होतो, याशिवाय धंद्याला कोणता फायदा प्रत्यक्ष दिसला? मालकांना तेच सांगायचंय.