बदक एका दिवसात गेलं, जोडीदारीण एकटी पडलीये

प्रश्न (इंदूर): आज सकाळी आमचा मोती मान टाकून बसला, पाय लुळे, संध्याकाळी गेलाच. आई जेवली नाहीये आणि त्याची जोडीदारीण सारखी ओरडत अंगणात फिरतेय, बघवत नाही हो. कशाने झालं असेल?

उत्तर: ताई, फार वाईट वाटलं. मान लुळी पडली म्हणजे बॉट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने येणारा लुळेपणा) असू शकतो, उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात, सडक्या किड्यांत ते विष होतं. टाकं घासून ताजं पाणी भरा. अजून पुरलं नसेल तर महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात पोस्टमॉर्टेमचं विचारा, उघड्या हाताने उचलू नका, बर्ड फ्लूही नाकारता येत नाही.

उत्तर: बदकांना एकटं राहवत नाही, पण ही ठीक आहे हे कळेपर्यंत नवीन आणू नका. आणि आईला रडू द्या, पक्षीच तर होता म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.