प्रतिसाद: गट एकच, मग कार्ड कुणाचं?

वर विचारलंय की एअर इंडिया, लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर सगळ्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातच आहेत, मग माइल्स साठवायचं कार्ड कुणाचंही घेतलं तर काय बिघडलं? बिघडतं. गटातल्या कुणाच्याही विमानात बसा, पण एका प्रवासाचे माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठी साठणारे गुण, एकाच खात्यात जातात आणि नंतर दुसरीकडे वळवता येत नाहीत.

वर्षातून एकदा मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईबाबांनी आधी मुदत बघावी. सिंगापूरच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या कार्यक्रमातले माइल्स ३६ महिन्यांत संपतात, युनायटेडच्या माइलेजप्लसला मुदतच नाही. फुकट तिकिटापुरते साठेपर्यंत आधीचे उडून गेले, तर साठवायचे कशाला?

मग तिकिटावरचं बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं अक्षर. स्वस्त तिकिटाचं तेच अक्षर एका कार्यक्रमात थोडेफार माइल्स देतं, दुसऱ्यात भोपळा. त्या त्या साइटवरचा तक्ता उघडून बघाच.

कंपनीच्या पैशाने सतत उडणाऱ्या हिंजवडीकरांचं गणित वेगळं. त्यांना स्टार गोल्ड हा गटातला वरचा दर्जा हवा, म्हणजे लाउंज आणि जादा सामान. यात एक गंमत आहे. युनायटेडचंच गोल्ड असेल तर निव्वळ अमेरिकेतल्या प्रवासात युनायटेड क्लब या त्यांच्या लाउंजमध्ये घेत नाहीत, दुसऱ्या कंपनीचं असेल तर घेतात. घरच्यापेक्षा पाहुण्याला मान!

आणि बोर्डिंग पासवर तुमच्या कार्डाचा नंबर छापलाय का, ते लोहगावला काउंटरवरच बघून घ्या. माइल्स जमा होईपर्यंत पास फेकू नका, नंतर दावा करताना तोच मागतात.